शेवटच्या शर्यतीआधीचा निर्णय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांना नव्याने शिकवून स्वारीच्या दुसऱ्या कामांत आणण्याविषयी अलीकडे आपुलकीने लिहिले आणि बोलले जाते. त्या बोलण्याचा सूर बहुधा दयेचा असतो. बिचाऱ्या मुक्या जनावराला दुसरे घर मिळाले, कोणा सहृदय माणसाने त्याला पदरात घेतले, असे म्हणून विषय संपतो. या दयाबुद्धीविषयी मला आदर आहे. परंतु तिच्यामुळे मूळ प्रश्न भलत्याच माणसाच्या दारात जाऊन बसतो, असे अशा घोड्यांवर मांड टाकलेला एक स्वार म्हणून माझे मत झाले आहे. घोड्याला दुसरे आयुष्य मिळणार की नाही, हे त्याला विकत घेणारा माणूस फार थोडे ठरवतो. त्याचा बराचसा निकाल त्याच्या मालकाने आणि शर्यतीच्या प्रशिक्षकाने घोडा शेवटच्या शर्यतीत उतरण्याआधीच लावून टाकलेला असतो, आणि त्या निर्णयाची किंमत मात्र पुढे दुसरेच कोणीतरी मोजत राहते.

प्रथम वयाचा हिशेब पाहावा. थरोब्रेड या मुख्यतः शर्यतीसाठी पैदास केल्या जाणाऱ्या जातीचा घोडा दोन वर्षांचा होताच शर्यतीत उतरू शकतो. सपाट मैदानावर धावणारे बहुसंख्य घोडे चार ते सात वर्षांच्या दरम्यान मैदान सोडतात. अडथळ्यांच्या शर्यती धावणारे आणखी काही वर्षे टिकतात. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो, काही तिशीही गाठतात. त्यातच त्याच्या पाठीच्या कण्याची हाडे पूर्ण जुळून यायला पाच ते सहा वर्षे लागतात. म्हणजे ज्याला आपण निवृत्त म्हणतो तो घोडा शरीराने नुकताच प्रौढ झालेला असतो आणि त्याचे तीन चतुर्थांश आयुष्य अजून पुढे असते. यांतील प्रजननासाठी ठेवले जाणारे घोडे मूठभरच. बऱ्याच नरांना खच्ची केलेले असते आणि मैदानावर काही करून न दाखवलेल्या घोडीची पैदाशीसाठीही फारशी मागणी नसते. उत्तर अमेरिकेत १९८६ साली थरोब्रेड शिंगरांची नोंद ५१ हजारांवर गेली होती. आज ती २० हजारांच्या आत आली आहे. तरीही एकट्या अमेरिकेत दरवर्षी हजारो घोडे शर्यतीबाहेर पडतात आणि त्यांतील प्रत्येकाला अजून अठरा-वीस वर्षे दाणावैरण, नाल आणि एखादे काम लागणार असते.

या घोड्यांच्या वाटेत पहिला धोंडा त्यांच्या बदलौकिकाचा. शर्यतीतून आलेला घोडा डोक्याने गरम, हाताबाहेर जाणारा, उधळणारा, असा समज स्वारांमध्येही पक्का रुजलेला आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या वागण्याला आपण उद्दामपणा म्हणतो ते पुष्कळदा शिकवलेल्या धड्याचे अचूक पालन असते. शर्यतीच्या घोड्याला तोंडातल्या लगामाचा अर्थ वेगळाच शिकवलेला असतो. जॉकी लगाम आखडून घट्ट धरतो, तेव्हा घोड्याने त्या ताणावर रेलून वेग वाढवायचा असतो. शर्यत संपल्यावर जॉकी उभा राहून हात सैल सोडतो, तेव्हा मंदावायचे असते. आता हाच घोडा साध्या रपेटीला नेला, तो जरा वेगाने चालू लागला आणि घाबरलेल्या नव्या स्वाराने त्याला आवरण्यासाठी लगाम खेचला, तर घोडा काय करील? त्याला जे करायला सांगितले आहे असे वाटते तेच करील, म्हणजे पळेल. स्वार आणखी जोराने खेचतो, घोडा आणखी जोराने पळतो, आणि संध्याकाळी घोडा वेडा असल्याचा निकाल जाहीर होतो.

पाठीवरच्या वजनाचेही तसेच आहे. जॉकी आखूड रिकिबींत उभ्यासारखा राहून आपले वजन घोड्याच्या खांद्यांवर, पुढच्या बाजूला तोलतो. खोगिरात खोल बसलेली मांड आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना लांब लोंबणारे, अधूनमधून दाबणारे पाय या घोड्याला जवळजवळ अपरिचित असतात. नेहमीच्या स्वारीत पायाच्या हलक्या दाबाने घोड्याला पुढे, बाजूला किंवा वळणावर नेले जाते. शर्यतीच्या घोड्याला तोच दाब गुदगुल्यांसारखा किंवा धमकीसारखा वाटू शकतो. जॉकीला बहुधा कोणीतरी पाय धरून वर चढवतो आणि तेही अनेकदा घोडा चालत असताना. चढण्यासाठी ठेवलेल्या ठोकळ्याशेजारी निमूट उभे राहायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जिथे सर्व शर्यती एकाच दिशेने धावतात, जसे अमेरिकेत सगळे घोडे डावीकडेच वळतात, तिथल्या घोड्याचे शरीर एका बाजूला लवचिक आणि दुसऱ्या बाजूला ताठ झालेले असते. त्यामुळे उजवीकडचे लहान वर्तुळ त्याला अवघड जाते. तो ते टाळतो आणि स्वाराला तो अडेलपणा वाटतो. शिवाय तो नेहमी इतर घोड्यांच्या सोबतीने सराव करत आलेला असतो. एकट्याने रानवाटेवर जाणे त्याच्या कल्पनेतच बसत नाही.

दुसरीकडे, त्याला आधीपासून येणाऱ्या गोष्टींची यादी कोणी करत नाही. गाडीत चढून लांबचा प्रवास करणे, हजारोंच्या गोंगाटात उभे राहणे, नालबंदाच्या हातात पाय देणे, अंघोळ, खरारा, पट्ट्या, पशुवैद्याची सुई, रोज नवा मोतद्दार आणि नवा स्वार हे सगळे त्याने लहान वयातच पाहिलेले असते. शांत वातावरणात वाढलेल्या पुष्कळ घोड्यांना या गोष्टी शिकवताना नाकी नऊ येतात. हे घोडे शिकतातही झपाट्याने, आणि नेमकी हीच त्यांची अडचण होते, कारण स्वाराची चूकही ते तितक्याच झपाट्याने शिकतात.

तेव्हा शिकवण्याची सुरुवात कुठून करावी, या प्रश्नाला जाणते लोक जे उत्तर देतात ते नवशिक्याला निराश करणारे असते: काही महिने काहीच शिकवू नका. शर्यतीच्या तयारीतला घोडा दिवसाचे बावीस-तेवीस तास तबेल्यात काढतो, तासभर जोराचे काम करतो आणि त्या कामासाठी त्याला भरपूर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, दिली जाते. हे चक्र एका दिवसात तोडता येत नाही. चंदी हळूहळू कमी करून वैरण वाढवायची, आधी लहान कुंपणात आणि मग मोठ्या कुरणात मोकळे सोडायचे, सोबतीला एखादा समंजस, वयस्क घोडा द्यायचा. एकदम मोठे कुरण दाखवले तर तो आनंदाने चौखूर उधळून स्वतःचा पाय मोडून घेण्याची शक्यता असते. कुरणात गेल्यावर पहिले काही दिवस फाटकाशी येरझारा घालणारा, दाण्याच्या वेळेची वाट पाहणारा घोडा काही आठवड्यांनी मान खाली घालून चरू लागतो. तोवर त्याच्या मूळ स्वभावाविषयी काहीही सांगणे व्यर्थ असते, कारण आपण पाहत असतो तो तबेल्याचा आणि चंदीचा परिणाम.

याच काळात शरीराची झडती घ्यावी लागते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, खाणे असो वा नसो; निसर्गाने त्याला दिवसभर चरणारा प्राणी म्हणून घडवले आहे. जास्त चंदी, कमी वैरण, लांब उपवास आणि जोराचा व्यायाम यांमुळे शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रण इतके सर्रास आढळतात, की तयारीत असलेल्या घोड्यांच्या अनेक पाहण्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलेले आहे. खोगिराचा पट्टा आवळताना चावायला येणारा घोडा दुष्ट असेलच असे नाही; त्याचे पोट दुखत असेल. दुर्बिणीने जठर तपासता येते, औषध मिळते, आणि वजनाच्या निदान दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज पोटात गेली, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो, तर पुष्कळांचे अर्धे दुखणे आपोआप ओसरते. मग दात, पाठ आणि पाय. थरोब्रेडमध्ये पाठीच्या मणक्यांची वरची टोके एकमेकांना घासण्याचा विकार बराच दिसतो आणि तो क्ष-किरण चित्रात कळतो. खुरांचे तळवे पातळ असतात, शर्यतीच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या नाला काढल्यावर ते दगडाधोंड्यांवर दुखतात आणि नवे, निरोगी खूर वाढायला बरेच महिने जातात. खोगीर नव्याने बेतावे लागते, कारण वर्षभरात त्या घोड्याच्या पाठीचा आकारच बदलतो.

हे सर्व झाल्यावर शिक्षण, आणि तेही उलट्या क्रमाने. ज्या वेगासाठी तो जन्मला, तो वेग सर्वांत शेवटी. आधी जमिनीवरून, लांब दोरीवर, आवाजाच्या इशाऱ्याने चालणे आणि थांबणे. मग पाठीवर स्वार घेऊन नुसती संथ चाल, ठोकळ्यापाशी स्तब्ध उभे राहणे, मोठी वर्तुळे. मग दुडकी, जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून पाय उचलत जाणे आणि पायाच्या दाबाला बाजूला सरकणे. लगामावर न रेलता स्वतःचा तोल स्वतः सांभाळायला तो शिकला की मग कँटर, म्हणजे दुडकीहून वेगवान संथ दौड, कारण या चालीचा त्याच्या स्मरणातला अर्थ शर्यत हाच आहे आणि तो पुसायला सर्वांत जास्त वेळ लागतो. ही कामे करताना लगाम खेचून थांबवण्याचा मोह आवरणे हे घोड्यापेक्षा स्वारालाच अधिक शिकावे लागते.

अमेरिकेत २०१० साली सुरू झालेल्या रिटायर्ड रेसहॉर्स प्रोजेक्ट या संस्थेने या घोड्यांची मागणी वाढवण्यासाठी मोठे काम केले आहे. तिची थरोब्रेड मेकओव्हर ही स्पर्धा २०१५ पासून केंटकी हॉर्स पार्कमध्ये भरते आणि नुकतेच शर्यतीतून आलेले, मोजक्याच महिन्यांचे नवे शिक्षण झालेले घोडे तिथे ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर ठरावीक, डौलदार चाली करणे), उड्या, पोलो, गुरे राखण्याचे काम अशा दहा प्रकारांत उतरतात. लोकांचे पूर्वग्रह बदलण्यात अशा स्पर्धेचा वाटा मोठा आहे, हे मान्य. तरीही मुदत ठरवून दिली की घाई आलीच, असा माझा अनुभव आहे. कुरणात अजून चार महिने राहायला हवा होता असा घोडा तारखेसाठी कामाला लावण्याचा मोह चांगल्या माणसांनाही पडतो. उशिरा तयार होणाऱ्या घोड्याला कोणी कमी लेखू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

काय साधू शकते, याची उदाहरणे हवी असतील तर टच ऑफ क्लास या घोडीचे द्यावे. शर्यतीत तिला काहीच जमले नव्हते. पुढे तिने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फार्गिस यांच्यासोबत उड्यांच्या स्पर्धेत वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदके जिंकली. ती स्पर्धा भरली होती सांता अनिता या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर! ब्रिटनमध्ये चेल्टनम गोल्ड कप दोनदा आणि किंग जॉर्ज शर्यत पाचदा जिंकलेला काउटो स्टार २०१२ मध्ये निवृत्त झाल्यावर ड्रेसाजकडे वळवला गेला, तेव्हा एवढ्या मोठ्या घोड्याने आता कुरणात आराम करावा की नवे काम शिकावे, यावर तिथे बराच वाद झाला. मला तो वाद आरोग्यदायी वाटला, कारण निवृत्तीनंतर घोड्याने काय करावे हा प्रश्न त्या निमित्ताने प्रथमच सामान्य वाचकापर्यंत पोहोचला. अर्थात ही झाली अपवादाची नावे. बहुतेक घोड्यांचे यश यापेक्षा साधे असते आणि त्याची बातमी होत नाही. कोणी पोलीस दलात गर्दीसमोर शांत उभा राहतो, कोणी पोलोच्या मैदानावर, कोणी प्रौढ स्वाराला रोज सकाळी सुरक्षित फिरवून आणतो. अपंग मुलांच्या उपचारात्मक स्वारीपर्यंत पोहोचणारेही असतात, पण ते काम फार निवडक स्वभावाचे आणि पुष्कळ वर्षांच्या सवयीनंतरचे आहे. नुकताच शर्यतीतून आलेला घोडा आणि नुकताच शिकू लागलेला स्वार ही जोडी स्वस्तात मिळते म्हणून जमवली जाते, आणि तिचा शेवट बहुधा इस्पितळात किंवा पुढच्या बाजारात होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेल्या प्रत्येक पायरीवर एक गोष्ट गृहीत आहे: घोड्याचे पाय धड आहेत. आणि घोडे पेंड खाते ते इथेच. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूची मोठी कंडरा, जी धावताना सारा भार झेलते, ती थोडी सुजली असताना घोडा थांबवला तर विश्रांती आणि हळूहळू वाढवलेले काम यांवर तो पुढची कित्येक वर्षे स्वारीला उपयोगी पडतो. तीच कंडरा फाटेपर्यंत धावू दिले, तर भरून यायला नऊ महिने ते वर्ष किंवा त्याहूनही अधिक लागते आणि भरून आलेला भाग पूर्वीसारखा लवचिक राहत नाही. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन आणखी एक शर्यत, मग आणखी एक, खालच्या आणि आणखी खालच्या दर्जाची शर्यत, असे करत जो घोडा मैदानाबाहेर येतो त्याला कितीही कुशल माणसाने नव्याने शिकवले तरी उड्या किंवा ड्रेसाज त्याच्याकडून होणार नाही. म्हणून मी म्हणतो की नव्या कामाच्या शिक्षणाची पहिली पायरी शर्यतीच्या तबेल्यातच असते. जिंकण्याची शक्यता जवळपास संपली आहे, पण पाय शाबूत आहेत, अशा वेळी घोडा थांबवणारा मालक त्याच्यासाठी जेवढे करतो तेवढे पुढचा कोणताही दाता करू शकत नाही. या निर्णयाला पैसे लागत नाहीत; एका शर्यतीची आशा सोडावी लागते.

पैसे लागतात ते त्यानंतर. कुरणातले ते पहिले काही महिने, तपासण्या, नालबंद, वैरण यांच्या बदल्यात कोणालाही काही उत्पन्न मिळत नाही. शर्यतीचा मालक म्हणतो, घोडा आता माझा नाही. नवा मालक स्वस्तात मिळाला म्हणून घेतो आणि हा खर्च पाहून दचकतो. त्या दोघांच्या मधल्या फटीतून घोडे घसरतात. इतिहासात याची ठळक उदाहरणे आहेत. एकाच शर्यतीत सिएटल स्लू आणि अफर्म्ड या दोन ट्रिपल क्राउन विजेत्यांना (एकाच वर्षी अमेरिकेतील तीन ठरलेल्या मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांना) हरवण्याचा पराक्रम १९७८ मध्ये करणारा एक्सेलर १९९७ मध्ये स्वीडनमधील कत्तलखान्यात संपला. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनांड पुढे जपानला विकला गेला आणि तिथे २००२ च्या सुमारास त्याचीही तीच गत झाली असावी, हे २००३ मध्ये उघडकीस आले. त्या बातमीने अमेरिकेत मोठी खळबळ उडाली आणि न्यूयॉर्कमध्ये मालकांकडून निवृत्त घोड्यांसाठी प्रत्येक शर्यतीमागे ऐच्छिक शुल्क घेण्याची प्रथाही सुरू झाली. डर्बी जिंकलेल्या घोड्याचे हे झाले, तर आठव्या क्रमांकावर येणाऱ्या घोड्याचे काय होत असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. अमेरिकेतील शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद पडले, पण त्याने प्रश्न संपला नाही. घोडे कॅनडा आणि मेक्सिकोच्या दिशेने आणखी लांबचा प्रवास करू लागले. ऑस्ट्रेलियातही २०१९ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीने शर्यतीचे घोडे कत्तलखान्यात जात असल्याचे दाखवले, तेव्हा व्यवसायातील धुरीणांना धक्का बसल्याचे सांगितले गेले. ज्याने नोंद ठेवलेली नसते त्याला धक्का बसणे सोपे असते.

काहीच झाले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. अमेरिकेत १९८३ साली थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन स्थापन झाले आणि त्याने न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल येथील तुरुंगात कैद्यांना घोडे सांभाळायला देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातून घोड्यांना आसरा आणि माणसांना हातचा व्यवसाय मिळाला. ब्रिटनमध्ये २००० साली शर्यतीच्या व्यवस्थेनेच रीट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस ही संस्था उभी केली आणि या घोड्यांसाठी स्वतंत्र स्पर्धांची मालिका सुरू केली. अमेरिकेत २०१२ मध्ये थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स आले, जे घोडे सांभाळणाऱ्या संस्थांची तपासणी करून त्यांना मान्यता आणि निधी देते. अशी तपासणी आवश्यक आहे, कारण दयेच्या नावाखाली गरजेपेक्षा जास्त घोडे गोळा करून त्यांना उपाशी ठेवणारेही असतात. २०१६ पासून या विषयाचा एक आंतरराष्ट्रीय मंचही आहे. पण यांपैकी बऱ्याच व्यवस्था पुष्कळ अंशी वर्गणी, देणगी आणि सदिच्छेवर चालतात, आणि सदिच्छा ही मंदीच्या वर्षी सर्वांत आधी आटते.

माझे म्हणणे असे, की हा खर्च शर्यतीच्या खर्चातच धरला जावा. शिंगरू नोंदवताना त्याच्या निवृत्तीसाठी एक रक्कम सक्तीने जमा व्हावी, लिलावातल्या प्रत्येक विक्रीतून थोडी आणि प्रत्येक शर्यतीच्या प्रवेश शुल्कातून थोडी अशी तिच्यात भर पडावी, आणि ती रक्कम घोड्याच्या नावाने त्याच्यामागे जावी. घोडा ज्याच्याकडे कुरणात विश्रांतीला जाईल त्याला पहिल्या काही महिन्यांचा खर्च त्यातून मिळावा. यामुळे घोडे पाळणे महाग होईल, असा आक्षेप येईल. होईल, आणि व्हावेच; ज्याला ही भर परवडत नाही त्याने एक शिंगरू कमी पैदा करावे. पैदास कमी झाली तर शर्यती बंद पडत नाहीत, हे उत्तर अमेरिकेच्या वर दिलेल्या आकड्यांतूनच दिसते.

दुसरी गरज नोंदीची. थरोब्रेडची जन्मनोंद, वंशावळ, शर्यतींचा इतिहास हे सारे काटेकोर लिहिलेले असते. अमेरिकेत २०१७ पासून जन्मलेल्या प्रत्येक नोंदणीकृत शिंगराच्या मानेत मायक्रोचिप आहे. पण शेवटच्या शर्यतीनंतर हा धागा बहुतेक ठिकाणी तुटतो. मालकी बदलल्याची नोंद निवृत्तीनंतरही सक्तीची केली आणि मानेतली चिप विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर वाचली गेली, तर घोडा कोणाच्या हातून कुठे गेला हे लपून राहणार नाही. त्याच नोंदीसोबत घोड्याचे वैद्यकीय कागद जावेत: कोणत्या सांध्यात कधी इंजेक्शन दिले, कंडरेला कधी दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली का. आज हे कागद शर्यतीच्या पशुवैद्याकडेच राहतात आणि घोडा विकत घेणाऱ्याला सारे शोध नव्याने लावावे लागतात. काही शोध तो जमिनीवर पडल्यावर लागतात.

एक कटू गोष्ट टाळून हे पत्र प्रामाणिक राहणार नाही. प्रत्येक घोडा नव्या कामाला येत नाही. काहींना आयुष्यभर कुरणातच ठेवावे लागते आणि त्याचा खर्च कोणी उचलणार असेल तर उत्तमच. पण ज्याला रोजच्या चालण्यातही वेदना आहेत, किंवा ज्याच्यापासून माणसांना खरा धोका आहे आणि कारण शोधूनही तो दूर होत नाही, त्याला ओळखीच्या हातांत, स्वतःच्या ठाणावर पशुवैद्याकडून शांतपणे मरण देणे हे मला त्याला कमी किमतीत पुढच्या, त्यापुढच्या आणि त्याहीपुढच्या माणसाला विकत राहण्यापेक्षा अधिक सभ्य वाटते. हे मत अनेकांना रुचणार नाही. परंतु चांगले घर मिळाले असे सांगून आपली सुटका करून घेणाऱ्या पुष्कळ मालकांनी ते घर कधी पाहिलेले नसते.

शर्यतीच मुळात बंद कराव्यात, असे मानणाऱ्यांशी इथे वाद घालण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे म्हणणे उद्या मान्य झाले तरी आज जन्मलेले आणि धावत असलेले घोडे पुढची पंचवीस वर्षे असणारच आहेत, आणि त्या दिवशी या व्यवस्थेची गरज आजच्याहून मोठी असेल.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी करतो. नावाजलेला घोडा निवृत्त होतो तेव्हा त्याने जिंकलेल्या शर्यती आणि मिळवलेले बक्षीस छापले जाते. त्या बातमीत यापुढे आणखी तीन गोष्टी याव्यात: तो कोणाकडे जात आहे, त्याच्या पायांची अवस्था काय आहे, आणि पहिल्या वर्षाचा खर्च कोण करणार आहे. बातमीदाराने हे प्रश्न मालकाला विचारावेत आणि उत्तर मिळाले नाही तर तेही तसेच छापावे.

आपला नम्र,
एक वाचक